हत्तीखालची अक्षरं

जांभळा डबा शनिवारी घरी आला. त्यावर सोंडेत ब्रश धरलेला एक हत्ती होता, आणि त्याचे सुळे इतके पांढरे की बघणाऱ्याने आपलं तोंड मिटून घ्यावं. आत एक पेस्ट, एक ब्रश, गुळण्यांसाठी निळ्या पाण्याची बाटली आणि शाळेची चिठ्ठी. सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत मुलं मागच्या अंगणातल्या नळांवर रांगेने दात घासतील, आणि रांगेत याच डब्यातल्या वस्तू चालतील, असं त्या चिठ्ठीत लिहिलं होतं. इतर वस्तू चालणार नाहीत. ‘इतर’खाली दोन रेघा मारल्या होत्या.

माझी नात तिसरीत आहे. तिला मी खारूताई म्हणतो, कारण दुधाचे दोन दात पडून समोर जे दोन आले ते जरा जास्तच मन लावून आले. शिवाय ते शेजारच्या दातांपेक्षा पिवळसर आहेत. वर्गात तिला ‘कणीस’ म्हणतात. तिने हे मला एकदाच सांगितलं, तेही पाठ करून.

“आजोबा, हा हत्ती दात पांढरे करतो,” ती डबा छातीशी धरून म्हणाली. “एका महिन्यात. सर आले होते ना शाळेत टाय घालून, ते म्हणाले.”

“आणि ज्यांनी डबा विकत घेतला नाही त्यांचं काय?”

“ते भिंतीशी उभे राहणार. आमचे रुमाल धरून.”

हे ती इतक्या सहज बोलली की मला त्या वेळी काही सुचलं नाही. मला वेळेवर कधीच काही सुचत नाही. सुचतं ते दोन दिवसांनी, आंघोळ करताना.

घरात खारूताई धरून आम्ही तिघं. लेक शहरात बस चालवते, जावई दूर कुठे पुलाच्या कामावर असतो, आणि मी लेकीच्या घरी राहणारा म्हातारा, त्यामुळे आवाज न करता राहायचं असं माझं मीच ठरवलेलं. कपबशीसुद्धा मी दोन्ही हातांनी ठेवतो. डबा आणू नये असं मला वाटलं असतं तरी मी बोललो नसतो. खरं तर वाटलंही नव्हतं. हत्ती बरा होता.

बुधवारी खारूताई पाणी पिताना डोळे मिटते हे माझ्या लक्षात आलं. गुरुवारी तिने ताटातलं गार दही बाजूला सारलं. लेक कामावर गेली होती. मी विचारलं तर ती आधी ‘काही नाही’ म्हणाली, मग माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली.

“आईला नाही सांगणार?”

“बघू.”

“बघू नाही. नाही म्हणा.”

“बरं, नाही.”

“जळतं. पेस्ट लावली की हिरड्या जळतात. ते निळं पाणी तर तिखट लागतं. आणि मग गार पाण्याने दातांत कळ येते, अशी वरपर्यंत.” तिने डोळ्याखाली बोट ठेवून कळ कुठवर जाते ते दाखवलं. “पण मी सांगितलं तर मला भिंतीशी पाठवतील. मला रुमाल नाही धरायचे, आजोबा.”

तिचा ओठ वर करून मी बघितलं. दातांच्या मुळाशी हिरडीची कडा पांढरट पडली होती, गरम चहाने जीभ भाजल्यावर पडते तशी. मी तिला दिलेला शब्द त्याच संध्याकाळी मोडला, पण त्याआधी पेस्ट हातात घेतली.

मी चाळीस वर्षं एका ग्रंथालयात, दुरुस्तीच्या खोलीत काढली. फाटलेली पानं, सुटलेल्या शिवणी, आणि मुख्य म्हणजे लेबलं. विभाग बदलला की पुस्तकाच्या पाठीवरचं जुनं लेबल काढून नवं लावायचं. घाईची माणसं जुन्यावरच नवं डकवत. त्यामुळे लेबलाखाली लेबल असलं की माझ्या अंगठ्याला ते कळतं. पेस्टच्या नळीवरून मी अंगठा फिरवला आणि हत्तीच्या पोटाशी एक कड लागली.

किटलीत पाणी उकळलं. वाफेवर नळी धरायची, पण फार जवळ नाही. कड सुटली की ओढायचं नाही, बोथट सुरीने हळूहळू उचलत जायचं. हत्ती अखंड सुटून आला. त्याच्या खाली, नळीवर मुळातच छापलेलं होतं: दात शुभ्र करणारी पेस्ट, प्रौढांसाठी. आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत: बारा वर्षांखालील मुलांनी वापरू नये.

मी ते चार वेळा वाचलं. मग मला शंका आली की नळ्या जुन्या असतील आणि आत भरलेलं वेगळं असेल. मग शंका आली की मला हे वाटतंय कारण मला भांडायचं नाही. त्यामुळे मी कवळी बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या माझं तोंड ओळखतात, म्हणजे आतून.

त्यांनी नळी बघितली, निळ्या पाण्याचा वास घेतला, थोडी पेस्ट बोटांवर चोळली. “खरखरीत आहे. ही मोठ्यांनीसुद्धा रोज लावू नये. आणि निळ्या पाण्यात स्पिरिट आहे, म्हणून जळतं. मुलीचे दात पिवळे आहेत म्हणता?”

“समोरचे दोन.”

“पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसरच असतात. बाकीचे आले की फरक दिसणार नाही. नव्या दाताचं वरचं आवरण अजून पुरतं टणक झालेलं नसतं, ते घासून पांढरं करायला जाल तर त्याचंच नुकसान. फ्लोराईडची साधी पेस्ट घ्या, तिच्या वयाची. वाटाण्याएवढी पुरे. ब्रश मऊ, डोकं लहान. दोन मिनिटं. थुंकून टाकायचं, वर पाण्याने खळखळायचं नाही. आणि निळं पाणी बंद.” मग माझ्याकडे बघून त्या हसल्या. “शाळेत जाऊन सांगणार का? तुम्ही तर माझ्याकडे कवळी टोचते हे सांगायला तीन महिने लावले होते.”

मी औषधाच्या दुकानात गेलो. मुलांच्या ब्रशांचा एक अख्खा खांब तिथे फिरत होता: दिवा लागणारे, गाणारे, काळ्या केसांचे, डायनासोरच्या मुठीचे. पेस्टी चॉकलेटच्या, आंब्याच्या, बबलगमच्या. मी भिंग काढलं आणि एकेक खोका मागून वाचायला लागलो. एकावर फ्लोराईड नव्हतंच, एकावर होतं पण वय मोठं, एकावर पुढे मूल आणि मागे मोठ्यांची सूचना.

“आजोबा,” गल्ल्यावरची बाई म्हणाली, “पेस्ट घ्यायचीय की परीक्षेला बसायचंय?”

माझ्यामागे चार माणसं उभी होती. एरवी मी हातातलं पहिलं उचलून पळालो असतो. त्या दिवशी कोण जाणे काय झालं, मी म्हटलं, “बसलोच आहे. अजून दोन प्रश्न राहिलेत.”

मागचा माणूस हसला. मी ते दोन्ही खोके वाचले आणि तिसरा घेतला. पुदिन्याची सौम्य पेस्ट, वय सहा ते बारा, काहीही चमत्कार न करणारी. ब्रश साधा, हिरवा.

लेक संध्याकाळी आली. मी सुटी नळी आणि काढलेला हत्ती टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने गणवेशही न काढता दोनदा वाचलं.

“हिने मला का नाही सांगितलं?”

“भिंतीमुळे.”

तिने नळी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “बाबा, शाळेच्या मोठ्या बाईंनी हिला वर्षाच्या मधेच घेतलं होतं. जागा नसताना. माझ्या पाळ्या सांभाळून शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेतात. मी तिथे जाऊन काय तोंडाने भांडू?”

“भांडू नकोस.”

“मग?”

“उद्या पालकांची सभा आहे ना. मी जातो.”

“तुम्ही?” ती हसली नाही, पण तिला हसू आवरावं लागलं. ग्रंथालयाने मला निरोप दिला तेव्हा दोन शब्द बोला म्हणाले होते, आणि मी दोनच बोललो होतो. ते तिने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तीन पानं भाषण लिहून झाल्यावर, सभेला वेळ होता. मी टेबल आवरायला घेतलं. आणि आवरता आवरता जे करायला नको होतं ते केलं. काढलेलं लेबल मोकळं पडलेलं मला बघवत नाही. आमच्या खोलीत नियमच होता, वाचून झालं की जिथलं तिथे. मी बांधणीचा डिंक घेतला, हत्ती नळीवर नेमका बसवला, कडा दाबल्या, वरून कापडाची पट्टी गुंडाळली. हात आपोआप चालले. मी त्या वेळी भाषणाचा दुसरा परिच्छेद मनात म्हणत होतो.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. मुलांच्या ठेंगण्या बाकांवर आईबाप गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पुढे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आणि त्यांच्या शेजारी डब्यांच्या कंपनीचा टायवाला. टेबलावर जांभळ्या डब्यांचा मनोरा. खिडकीपाशी चहाचं भांडं उकळत होतं.

टायवाला बोलला. रांगेतली मुलं किती हसताहेत, याचे फोटो दाखवले. मोठ्या बाईंनी विचारलं, “कुणाला काही विचारायचंय?”

मी उभा राहिलो. गुडघा बाकाला आपटला. दातखीळ बसली म्हणतात तसं झालं, फरक एवढाच की माझ्या बाबतीत ती कवळीखीळ होती. तीन पानं हातात थरथरत होती, त्यातलं एकही वाक्य दिसेना.

“ही पेस्ट,” मी म्हटलं, “मुलांची नाही. मोठ्यांची आहे. लेबलाखाली लिहिलंय.”

“कुठल्या लेबलाखाली, आजोबा?” टायवाल्याने गोड आवाजात विचारलं.

मी खिशातून नळी काढली, कापडाची पट्टी सोडली, आणि ती त्याच्या हातात दिली. देतानाच मला कळलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने नळी उजेडात धरली. नखाने कड खरवडली. माझा डिंक होता तो, चाळीस वर्षांत कुणाला निघाला नव्हता.

“हत्ती तर जागेवर आहे,” तो म्हणाला.

खोली हसली. मी वही उघडली, खालचा मजकूर मी उतरवून घेतला होता. “हे बघा, हे असं—”

“हे आपणच लिहिलंय ना, आजोबा?”

पुन्हा हसले. मागून कुणीतरी म्हणालं, “आजोबांना स्वतःचे दात किती आहेत ते विचारा.” या वेळी मोठ्या बाईंनीही ओठ दाबले.

खाली बसायची माझी सवय आहे. शरीराला ती इतकी माहीत की गुडघे वाकायलाही लागले होते. पण डोळ्यांसमोर ते बोट आलं, डोळ्याखाली ठेवलेलं, कळ कुठवर जाते ते दाखवणारं.

“एकही नाही,” मी म्हटलं. “माझं जायचं काही राहिलं नाही. म्हणून तर बोलतोय.”

मग मी चालत पुढे गेलो आणि मनोऱ्यातला वरचा डबा उचलला.

“अहो, तो नमुना आहे,” टायवाला उठला. “सील फोडू नका.”

मी सील फोडलं. नळी घेऊन खिडकीपाशी गेलो. चहा करणाऱ्या बाईंना म्हटलं, “ताई, झाकण जरा बाजूला कराल?” त्यांनी केलं. त्यांच्या कमरेला खोचलेला बशा पुसायचा फडका मागून घेतला आणि नळी वाफेवर धरली.

“बाई, हे काय चाललंय?” टायवाला म्हणाला. “कंपनीच्या मालाची नासधूस आहे ही.”

“आजोबा, खाली बसा बरं,” मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज करडा होता, पण थोडा घाबरलेलाही. “आपण नंतर माझ्या खोलीत बोलू.”

“नाही बाई. थोडा वेळ लागेल. घाई केली तर फाटेल.”

मोठ्या माणसाला, सगळ्यांदेखत, मी ‘नाही’ म्हटलं होतं. माझ्याच कानांना ते परकं वाटलं.

मघाशी थरथरणारे हात आता स्थिर होते. या कामात ते कधी थरथरत नाहीत. वाफेने चष्मा धुरकटला तरी मी पुसला नाही, बघायची गरजच नव्हती. अंगठ्याला कड लागली. सुरी नव्हती, म्हणून खिशातलं ग्रंथालयाचं जुनं कार्ड वापरलं. हत्ती शेपटीकडून सुटायला लागला आणि सोंडेपर्यंत अखंड आला.

मी ते वाचलं नाही. मी लिहून आणलेलं वाचतो असं पुन्हा कुणी म्हणायला नको होतं. नळी मोठ्या बाईंसमोर ठेवली. “तुम्ही वाचा, बाई. मोठ्याने.”

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पहिली ओळ मोठ्याने, दुसरी ओळ जरा हळू, आणि ‘बारा वर्षांखालील’ तर जवळजवळ स्वतःशी. पण पुढच्या बाकावरच्यांना ऐकू गेलं आणि त्यांनी मागे सांगितलं.

मग एकच गलका झाला. एक आई म्हणाली, “म्हणून आमचा खोडकर रात्री दूध पिताना रडतो!” दुसरी म्हणाली, “मला वाटलं त्याचे नखरे.” टायवाला सांगत होता की नळ्या जुन्या आहेत, आतला माल वेगळा आहे, कारखान्यातून पत्र मागवतो. हीच शंका मला आधी आली होती, म्हणून मी त्याच्याशी वाद घातला नाही. फक्त विचारलं, “मग मुलांच्या हिरड्या पत्र यायच्या आत का जळतात?”

मोठ्या बाईंनी टेबलावर हात आपटला. “शांत! पत्र येऊ दे. पुढच्या सभेत निर्णय घेऊ. तोपर्यंत रांगेचा नियम आहे तसा राहील. शाळेची शिस्त एका माणसाच्या शंकेवर मोडता येत नाही.”

“माझी मुलगी ही पेस्ट लावणार नाही,” दाराकडून आवाज आला.

लेक उभी होती, गणवेशात, टोपी काखेत. कधी आली मला कळलं नव्हतं. “बस डेपोत लावून आले,” ती म्हणाली. “आणि ती भिंतीशी उभी राहणार नाही. कुणाचे रुमालही धरणार नाही.”

“तुम्हाला आम्ही किती सांभाळून घेतलं ते विसरलात?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“नाही विसरले. त्याचे आभार मी जन्मभर मानीन, बाई. पण तिच्या दातांनी नाही.”

आम्ही घरी निघालो. वाटेत ती म्हणाली, “डिंक लावून परत चिकटवलात?”

“हो.”

“बाबा!” आणि ती रस्त्यात थांबून इतकी हसली की येणारे जाणारे बघायला लागले. मीही हसलो.

सोमवारी खारूताई हिरवा ब्रश आणि साधी पेस्ट पिशवीत घालून गेली. मी तिला बजावलं होतं, भांडायचं नाही, उलट बोलायचं नाही. ती आली तेव्हा हनुवटीवर पेस्टचा सुकलेला ठिपका होता.

“काय झालं?”

“मी रांगेत उभी राहिले. बाई म्हणाल्या, भिंतीशी जा. मी घासायला सुरुवात केली. बाईंनी दोनदा हाक मारली. पण आजोबा, तोंडात फेस होता ना. फेस असताना कसं बोलणार? तुम्हीच म्हणालात उलट बोलायचं नाही.”

“दोन मिनिटं घासलेस?”

“चार,” ती म्हणाली. “सुट्टी संपेपर्यंत.”

त्याच संध्याकाळी चिठ्ठी आली. पाल्याच्या उद्धट वागण्याबद्दल पालकांनी उद्या जेवणाच्या सुट्टीत कार्यालयात भेटावं.

“मी रजा टाकते,” लेक म्हणाली.

“नको. मी जातो.”

“बाई तुम्हाला मुद्दाम ताटकळत ठेवतील.”

मी इस्त्रीचा शर्ट घातला. झोप लागली नव्हती, आणि वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. मी कोण, मला काय कळतं, लेकीची अडचण वाढवून ठेवली, हे सगळं नेहमीचं डोक्यात चालूच होतं. ते थांबत नाही. त्याच्यासकटच जावं लागतं.

कार्यालयाबाहेर एकच खुर्ची होती. शिपाईमामा म्हणाले, “बाईंना वेळ लागेल. किती ते सांगता यायचं नाही. हवं तर दुसऱ्या दिवशी या.”

“लागू दे,” मी म्हटलं. “मी थांबतो.”

“आणि त्यांनी तुमच्या नातीला रांगेतून काढायचंच ठरवलं तर?”

“तर उद्या परत येईन. परवाही. मी सेवानिवृत्त आहे, मामा.”

समोरच्या खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. नळांपाशी मुलं जमायला लागली. जांभळे डबे होते, बरेच होते. भिंत मला त्या खिडकीतून दिसत नव्हती. रांगेत खारूताई तिसरी होती, ब्रश हातात उभा धरून. तिच्या पुढच्या मुलीने वळून तिला काहीतरी विचारलं, आणि तिने आपली पेस्ट तिच्यापुढे धरली. वाटाण्याएवढी कशी घ्यायची ते ती बोटाने दाखवत होती.

आतून बाईंनी घंटी वाजवली. मी उठलो, शर्ट खाली ओढला आणि दार ढकललं.